आफ्रिकन ब्लॅकवुड: निवडणं, मुरवणं, कातणं, चिकटवणं

आफ्रिकन ब्लॅकवुड हे आपल्या शिसवीचंच भावंड. दोघांची प्रजाती (जीनस) एक, डाल्बर्जिया. शिसवी म्हणजे डाल्बर्जिया लॅटिफोलिया, उत्तरेकडचा शिसम डाल्बर्जिया सिसू आणि हे डाल्बर्जिया मेलॅनोझायलॉन. पूर्व आफ्रिकेत, स्वाहिलीत, याला म्पिंगो म्हणतात. बाजारात येणारा बहुतेक माल टांझानिया आणि मोझांबिकचा. वाद्यांच्या धंद्यात हेच लाकूड ग्रेनाडिला या नावाने चालतं. क्लॅरिनेट, ओबो, पिकोलो, स्कॉटिश बॅगपाइपच्या नळ्या यांचं ठरलेलं लाकूड हेच.

शिसवीवर हात बसलेला कारागीर यावर पहिल्यांदा बसला की फसतो, कारण दिसायला नातं असलं तरी वागणूक निराळी आहे. याच्यावरच्या कामात जे काही बिघडतं त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा दोनच गोष्टी सापडतात: एक, हत्यारामुळे तयार झालेली उष्णता, दोन, वाळवताना केलेली घाई. पुढचे सगळे आकडे आणि रीती या दोन गोष्टी टाळण्यासाठीच आहेत.

आकडे काय सांगतात

वाळलेल्या लाकडाची घनता घनमीटरला सुमारे 1270 किलो. म्हणजे ते पाण्यात बुडतं. सागवान साधारण 650 आणि शिसवी 830 च्या आसपास. जांका कसोटीत 11.28 मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी अर्धी आत रुतवायला किती जोर लागतो ते मोजतात. सागवानाला साधारण 4700 न्यूटन लागतात, शिसवीला 10,900 आणि ब्लॅकवुडला 16,300.

आकसण्याचे आकडे मात्र अनपेक्षित आहेत. ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत हे लाकूड वलयांच्या दिशेने सुमारे 4.8 टक्के आकसतं आणि गाभ्यापासून सालीकडच्या दिशेने 2.9 टक्के. सागवानाचे आकडेही याच्या जवळपासच आहेत. मग सागवान निमूट वाळतं आणि हे का तडकतं? कारण हे वाळतं फार सावकाश. छिद्रं बारीक, त्यांत राळेसारखे पदार्थ भरलेले, त्यामुळे आतली ओल बाहेर यायला वाटच मिळत नाही. टोकं आणि पृष्ठभाग वाळून आकसायला लागतात, आतला भाग अजून फुगलेलाच असतो, आणि त्या ताणात तडा जातो. त्यामुळे तडा दिसला की खराब लाकडाला दोष देण्याआधी ते कुठे आणि कसं ठेवलं होतं ते पाहावं.

झाड मोठं नसतं. खोड बहुधा वाकडं, खोबणीदार, अनेक फांद्यांचं आणि बऱ्याचदा गाभ्यात कुजलेलं. तोडण्याजोगं व्हायला 70 ते 100 वर्षं लागतात. ओंडक्यातून वाद्याच्या प्रतीचे निर्दोष ठोकळे काढले तर शेकडा दहा भागही हाती लागत नाहीत. हे लाकूड फळीच्या रूपात का मिळत नाही आणि किलोवर का विकलं जातं, याचं उत्तर त्यात आहे. टेबल करायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. पेन, डब्या, बुद्धिबळाच्या सोंगट्या, सुरीच्या मुठी, हत्यारांच्या मुठी, वाद्यांचे भाग, जडावकाम असे छोटे, कातीव जिन्नस हा याचा प्रांत.

विकत घेताना

आधी वजन करा. 50 × 50 × 300 मिलिमीटरचा ठोकळा म्हणजे 750 घन सेंटिमीटर. तो 950 ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. 700 भरला तर ते दुसरंच काहीतरी आहे. 1050 च्या वर गेला तर तो बहुधा अजून ओला आहे किंवा (ठोकळे फार लवकर वाळू नयेत म्हणून वरून दिलेला) मेणाचा थर फार जाड आहे.

मग रंग. आबनूस निखळ काळा असतो. ब्लॅकवुड उन्हात धरलं की काळ्यात जांभळट किंवा तपकिरी झाक दिसते आणि तंतूंची रेषा उमटते. सालीजवळचा भाग फिकट पिवळा, पातळ आणि गाभ्यापासून स्पष्ट वेगळा असतो. एका कोपऱ्यावरचं मेण खरवडून तिथे ॲसिटोनचा बोळा फिरवा. फडक्याला तपकिरी-जांभळट डाग लागेल. हा लाकडाचा स्वतःचा रंग आहे, त्यात काळजीचं काही नाही. पण पाण्याने ओल्या केलेल्या पांढऱ्या फडक्याला काळाकुट्ट रंग लागला आणि त्याला बूटपॉलिशचा वास आला, तर तिथे फसवणूक आहे. टांझानियाच्या सफारीवरून परतताना माकोंडे (टांझानिया-मोझांबिकमधली कोरीवकाम करणारी जमात) शैलीची शिल्पं घेणाऱ्यांनी ही कसोटी विसरू नये. हलक्या लाकडाला काळं पॉलिश फासून विकणं तिथल्या पर्यटकी बाजारात नवं नाही. मूर्तीचा तळ बघा, तिथे सहसा पॉलिश नीट पोचलेलं नसतं.

खरी माकोंडे शिल्पंसुद्धा बरेचदा ओल्या लाकडात कोरलेली असतात, कारण ओलं असताना वाकस आणि पटाशी चालवणं सोपं जातं. अशी मूर्ती पुण्याच्या मार्च-एप्रिलमध्ये आणून पंख्याखाली ठेवली की तडकणारच. आणल्यावर तीन-चार महिने वर्तमानपत्रात गुंडाळून बंद कपाटात ठेवावी. अधूनमधून उघडून बघावं, बस्स.

ठोकळ्याची दोन्ही टोकं नीट तपासा. केसासारखी बारीक चीर मेणाखाली लपते. टोकावरचं थोडं मेण खरवडा, त्यावर स्पिरिट चोळा आणि वाळताना पाहत राहा. सगळीकडचं स्पिरिट उडून गेल्यावरही चिरेत ओली रेघ राहते. टोकापासून 10 मिलिमीटरपर्यंतची चीर चालेल, तेवढं कापून टाकायचंच असतं. मधल्या लांबीत तिरपी गेलेली चीर दिसली तर ठोकळा परत करा. गाभ्याचा मध्यबिंदू ज्यात आला आहे असा ठोकळा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. तो आज नाही तर पुढच्या उन्हाळ्यात फुटेल.

मुरवणं

आलेला ठोकळा बहुधा सगळ्या बाजूंनी मेणात बुडवलेला असतो. पूर्ण मेण एकदम काढू नका. टोकांचं मेण शेवटपर्यंत राहू द्या. लांब बाजूंपैकी समोरासमोरच्या दोनच खरवडा, महिनाभराने उरलेल्या दोन. ठोकळे एकमेकांना टेकवून रचू नयेत, मध्ये पट्ट्या घालाव्यात. जागा अशी हवी की जिथे ऊन, पंखा किंवा एसीचा झोत येत नाही. लाकडी कपाटाचा खालचा कप्पा उत्तम.

लाकूड मुरलं की नाही हे ओल मोजायच्या यंत्रावर सोडू नका. सुया इतक्या कठीण लाकडात धड रुतत नाहीत आणि यंत्राचा हिशेब हलक्या लाकडांवर बेतलेला असतो. त्यापेक्षा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा भरवशाचा. ठोकळ्यावर खडूने तारीख आणि वजन लिहा, दर आठवड्याला पुन्हा तोला. सलग चार आठवडे वजन हललं नाही तर तो त्या जागेच्या हवेशी जुळला. एक इंच जाडीला एक वर्ष हा सुतारांचा ठोकताळा इथे अपुरा पडतो. 50 मिलिमीटरचा ठोकळा सहज तीन-चार वर्षं घेतो. घाई असेल तर मुरलेलंच लाकूड जास्त पैसे मोजून घ्या. भट्टीत, मायक्रोवेव्हमध्ये किंवा गच्चीवर उन्हात ठेवण्याच्या युक्त्या या लाकडाला लागू नाहीत.

आपल्याकडचा एक खास मुद्दा. नागपुरात मे महिन्यात हवेत ओल फार थोडी असते, तर रत्नागिरीत जुलैमध्ये भिंतींनाही पाणी सुटतं. पेटीत ठेवलेल्या वस्तूची ओल वर्षात 6 टक्क्यांनी वरखाली झाली असं धरा. 50 मिलिमीटर व्यासाच्या डबीचं झाकण एका दिशेने सुमारे अर्धा मिलिमीटर फुगतं, दुसऱ्या दिशेने 0.3. म्हणजे पावसाळ्यात गोल झाकण 0.2 मिलिमीटरने लंबगोल होतं. उन्हाळ्यात घट्ट बसवलेलं झाकण श्रावणात उघडत नाही ते यामुळे. उपाय असा: डबी आणि झाकण एकाच ठोकळ्यातून, रेषा सलग ठेवून कापा. आधी दोन्ही भाग आतून पोकळ करून 3-4 मिलिमीटर जाड ठेवा, महिनाभर सोडा, मग शेवटचं माप घ्या. झाकण अगदी घट्ट बसवण्यापेक्षा किंचित सैल ठेवलेलं बरं.

कापणं

मेणावर करवत चालवली की दाते भरून येतात आणि पातं तापतं. कापायच्या रेषेवरचं मेण आधी पटाशीने खरवडून घ्या. बँडसॉला (पट्ट्याच्या यंत्रकरवतीला) रुंद, ताज्या धारेचं, इंचाला तीन ते चार दात्यांचं पातं उभ्या चिरेसाठी ठीक. आडव्या कापाला आठ-दहा दाते. छोटे तुकडे हातकरवतीपेक्षा हॅक्सॉ, म्हणजे लोखंड कापायची करवत, चांगले कापते, हे ऐकायला विचित्र वाटतं पण खरं आहे. ढकलायचा वेग असा ठेवा की भुसा बारीक दाण्यांचा पडेल. पीठ पडायला लागलं आणि गोडसर जळका वास आला म्हणजे पातं बोथट झालं आहे किंवा तुम्ही ढकलायचं थांबून नुसतं घासताय.

गोल ओंडक्याचा तुकडा बँडसॉवर कधीही हाताने धरून कापू नका, तो फिरतो आणि बोट आत ओढतो. व्ही आकाराच्या ठोकळ्यात बसवून, शिकंजाने आवळून कापा.

रंधा मारायचा झाला तर पातं 55 ते 60 अंशांवर हवं, तोंड अगदी अरुंद. नेहमीचा 45 अंशांचा रंधा सरळ रेषेवर चालतो, पण रेषा जरा फिरली की चिपा उचकटतो. खरं सांगायचं तर हाताने ओढायची पोलादी खरवडपट्टी या लाकडावर रंध्यापेक्षा सुबक काम करते.

लेथवर

कातकामासाठी याच्यासारखं लाकूड नाही, असं जुने युरोपी कातारी म्हणत आले. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये हौशी श्रीमंतांनी होल्ट्झॅफेल कंपनीच्या लेथवर नक्षीकाम केलं, त्यात हस्तिदंताच्या जोडीला हेच लाकूड असे. कारण एकच: कडा न तुटता धारदार कापता येते. अर्ध्या मिलिमीटरची मणीपट्टी काढली तरी तिचा कंगोरा तुटत नाही. सावंतवाडीच्या कातकामात लागतं तसं मऊ लाकूड इतकं बारीक काम सोसत नाही.

चौकोनी ठोकळ्याचे कोपरे आधी करवतीने उडवून अष्टकोनी करा, त्याने हत्यारावरचे धक्के वाचतात. चालवणाऱ्या टोकाचा काटा हातोडीने ठोकून बसवायची सवय इथे मोडा, ठोकळा सरळ दुभंगतो. मध्यावर 3 मिलिमीटरचं भोक पाडून काट्याच्या पात्यांसाठी करवतीने खाचा करून घ्या. चकमध्ये धरताना जबडे या लाकडात रुतत नाहीत, त्यामुळे पकडीसाठी कातलेला दांडा जबड्यांच्या आकाराशी तंतोतंत जुळला पाहिजे आणि त्याचा खांदा जबड्यांच्या तोंडावर सपाट टेकला पाहिजे. ठोकळा हलतोय म्हणून चक आणखी आवळलं की पुढच्या दहा मिनिटांत दांड्यातून तडा निघतो.

25 ते 30 मिलिमीटर व्यासाला सुरुवातीला मिनिटाला 1000 ते 1200 फेरे, गोल झाल्यावर 1800 ते 2200. हायस्पीड स्टीलचं गाउज (खोलगट धारेची पटाशी) चालतं, धारेचा कोन 55 ते 60 अंश. दर काही मिनिटांनी हिऱ्याच्या पट्टीवर धार ओढावी लागते, त्यात कंटाळा करून चालत नाही. धार बरोबर असेल तर छोटे कुरकुरीत कुरळे तुकडे उडतात. धूळ उडायला लागली की थांबा आणि धार लावा. जोर लावून काम रेटलं तर पृष्ठभाग चकचकीत पण जळका होतो, आणि त्या चकाकीखाली बारीक भेगा असतात ज्या पॉलिश केल्यावरच दिसतात. शेवटचा हात देण्यासाठी उलट्या कोनाचं स्क्रेपर घ्या, आडव्या छेदावर सुद्धा ते आरशासारखी सफाई देतं.

या लाकडात आटेही पाडता येतात. डबीच्या झाकणाला इंचाला 16 ते 20 आट्यांचं हाती चेझर (आटे पाडायचं दातेरी हत्यार) पुरतं. लेथ 200 ते 300 फेऱ्यांवर, चेझरवर मेणाचा हात आणि भिंत किमान 4 मिलिमीटर. सुरुवात करायच्या जागी कडा 45 अंशांनी घासून घ्या, नाहीतर पहिलाच आटा चीप उडून तुटतो.

भोक पाडणं

सगळ्यात जास्त ठोकळे इथे वाया जातात. ड्रिल आत फिरतं तेव्हा उष्णतेला बाहेर पडायला जागा नसते आणि हे लाकूड ती झटकन वाहून नेत नाही. भोकाची आतली भिंत तापून कोरडी पडते आणि आकसते, बाहेरचं लाकूड थंड राहतं. तडा बहुधा त्याच क्षणी दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतो.

पेनाच्या 7 मिलिमीटर भोकाला 400 ते 500 फेरे, 15 मिलिमीटरला 250 ते 300. दर 5 मिलिमीटरला ड्रिल पूर्ण बाहेर काढा, खोबणीतला भुसा ब्रशने झटका, बोटाने बिटाला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर दोन मिनिटं थांबा. पाणी अजिबात मारू नका. थोडं मेण बिटाला चालतं, पण ज्या भोकात नंतर काही चिकटवायचं आहे तिथे तेही नको. 10 मिलिमीटरपेक्षा मोठं भोक एकदम न पाडता आधी लहान पाडा, मग मोठं.

बिट पलीकडून बाहेर पडताना टोकाच्या चिपा उडवतो. म्हणून ठोकळा हव्या त्या लांबीपेक्षा 12 मिलिमीटर जास्त ठेवा, बिट पलीकडे पोचायच्या आधी थांबवा आणि शेवटचा तुकडा करवतीने कापून भोक उघडं करा.

वाद्य बनवणारे याच तत्त्वावर जास्त धीराने चालतात. आधी बारीक भोक पाडून नळी जाडजूड ठेवतात, महिनोन्महिने मुरू देतात आणि मग रीमरने (भोक रुंदावायच्या हत्याराने) शेवटच्या मापाला आणतात. बासरी किंवा क्लॅरिनेटचा बॅरल (मुखाजवळचा आखूड जोडभाग) करायचा असेल तर हीच रीत धरा. एकाच दिवसात ठोकळ्यापासून वाद्यापर्यंत गेलात तर भोक गोल राहणार नाही.

स्क्रू बसवायचा तर त्याच्या आट्यांखालच्या दांड्याइतकंच भोक हवं. 4 मिलिमीटरच्या स्क्रूला साधारण 3.2. आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू मेण लावून आत-बाहेर करा, मग पितळी लावा. थेट पितळी लावला तर त्याचं डोकं तुटून हातात येतं. खिळा हा पर्यायच नाही.

चिकटवणं

या लाकडाचा तेलकटपणा पृष्ठभागावर सतत येत राहतो आणि छिद्रं भरलेली असल्याने गोंद आत शिरत नाही. नेहमीचं पांढरं फेविकॉल त्यामुळे भरवशाचं नाही. जोड सुरुवातीला पक्का वाटतो, वर्षभराने कडेने सुटतो. सावकाश सुकणारा दोन नळ्यांचा इपॉक्सी, म्हणजे साधा अराल्डाइट, योग्य. पाच मिनिटांत घट्ट होणारा प्रकार टाळा.

क्रम असा. जोडाची बाजू नुकतीच कापलेली किंवा खरवडलेली असावी. 80 किंवा 100 नंबरच्या पॉलिश पेपरने आडव्या-उभ्या रेघा मारा. स्वच्छ पांढऱ्या फडक्यावर ॲसिटोन घेऊन पुसा, फडकं बदला, पुन्हा पुसा, रंग फिकट येईपर्यंत. ॲसिटोन उडून गेल्यावर 10 ते 15 मिनिटांच्या आत गोंद लागला पाहिजे, कारण तेल परत वर येतं. दोन्ही बाजूंना पातळ थर लावा. शिकंजा बेताने आवळा. या लाकडाच्या सपाट बाजूंमधला गोंद जोर लावला की पूर्ण बाहेर पिळून निघतो आणि जोड कोरडा राहतो. 24 तास हात लावू नका.

सुरीच्या मुठीला नुसता गोंद पुरेसा नाही. दोन पितळी पिना घाला. पोलादातलं भोक पिनेपेक्षा किंचित मोठं ठेवा, म्हणजे लाकूड हवामानाप्रमाणे हललं तरी पिना त्याला फाडणार नाहीत.

पेनातली पितळी नळी हा वेगळा त्रास. पितळ तापलं की फुगतं आणि लाकूड तापलं की ओल गमावून आकसतं. सँडिंग करताना दोन्ही एकदम होतं. म्हणून नळी 150 नंबरने खरबरीत करून इपॉक्सीने बसवा, फेविक्विकसारख्या झटपट गोंदाने नको. तो सुकल्यावर काचेसारखा कडक होतो, लाकडाच्या हालचालीला साथ देत नाही. नळी भोकात सैलसर सरकली पाहिजे. दाबून बसवावी लागत असेल तर भोक लहान आहे.

घासणं आणि पॉलिश

हत्याराने सफाई नीट आली असेल तर 320 पासून सुरू करा, नाहीतर 220. पुढे 400, 600, 1000. लेथ 500-600 फेऱ्यांच्या वर नको, पेपर ताजा, हात हलका. तुकडा गरम लागला की थांबा. आडव्या छेदावर मध्यापासून बाहेर जाणाऱ्या बारीक किरणांसारख्या भेगा दिसल्या तर त्या घासण्याच्या उष्णतेने पडल्या आहेत. त्या आणखी घासून जात नाहीत, अर्धा मिलिमीटर पुन्हा कातावं लागतं.

फिकट लाकडाच्या किंवा हाडाच्या जोडीला ब्लॅकवुड जडवलं असेल तर त्याची काळी-जांभळी धूळ फिकट भागाच्या छिद्रांत बसून मळकट दिसते. घासण्याआधी फिकट भागावर पातळ चपड्याचे दोन हात द्या. धूळ फडक्याने न पुसता हवेने उडवा. ओलं घासणं तर अजिबात नको.

पॉलिशची गरज कमीच. 1000 नंबरनंतर कापडी चाकावर नुसतं फिरवलं आणि कार्नोबा मेणाचा हात दिला तरी पुष्कळ. पांढरं पॉलिश कंपाउंड वापरू नका, ते छिद्रांत पांढरे ठिपके ठेवतं. तेलाचा व्हार्निश किंवा पॉलियुरेथेन थेट लावलं तर बरेचदा आठवडाभर चिकटच राहतं, कारण डाल्बर्जियाच्या लाकडातले काही घटक तेलाला हवेने सुकू देत नाहीत. लावायचंच असेल तर खाली मेण काढलेल्या चपड्याचा एक थर द्या, मग वर काहीही चढतं.

धूळ

हा भाग वाचून सोडून देऊ नका. डाल्बर्जिया जातीची धूळ अंगावर पुरळ उठवते, डोळे चुरचुरवते, श्वासाला त्रास देते. त्रास पहिल्या दिवशी होईलच असं नाही. कित्येकदा महिनोन्महिने काही होत नाही आणि मग एक दिवस अंग सुजतं, आणि त्यानंतर प्रत्येक वेळी सुजतं. एन-95 मास्क, बाह्या पूर्ण, गळ्याशी बंद कॉलर, काम संपलं की हात-मान साबणाने धुणं आणि ते कपडे घरच्या धुण्यात न मिसळणं. पंखा लावून धूळ उडवणं म्हणजे ती शेजाऱ्यालाही वाटणं. व्हॅक्यूम लावा, तोंड हत्याराजवळ ठेवा.

क्लॅरिनेट वाजवणाऱ्यांसाठी थोडं

लाकडाने आवाज गोड होतो ही समजूत जुनी आहे. पण फुंकून वाजवायच्या वाद्यात थरथरते ती आतली हवा, भिंत नव्हे. या लाकडाची खरी कामगिरी अशी की भोक गुळगुळीत राहतं, माप बदलत नाही आणि स्वरछिद्रांच्या कडा झिजत नाहीत.

वाजवताना आतली बाजू श्वासाने उबदार आणि ओली होते, बाहेरची कोरडीच राहते. आतला थर फुगतो, बाहेरचा ताणला जातो, आणि तडा बाहेरून, बहुधा वरच्या भागाच्या स्वरछिद्रापाशी पडतो. म्हणून नवं वाद्य पहिले दोन आठवडे रोज 10 ते 15 मिनिटंच वाजवा, लगेच सुती फडक्याने आतून पुसा. लग्नाच्या वरातीत भर उन्हात वाजवणाऱ्या बँडवाल्याने लाकडी वाद्य नेण्यापेक्षा एबोनाइटचं (कडक रबराचं) किंवा प्लास्टिकचं न्यावं, हा सल्ला कंजूषपणाचा नाही. तडा गेलाच तर लगेच वाजवणं थांबवा. त्यात फेविक्विक ओतू नका. जाणकार दुरुस्ती करणारा तो पिनांनी शिवतो आणि लाकडाचीच पूड घालून भरतो.

कागदपत्रं आणि उरलेले तुकडे

2 जानेवारी 2017 पासून डाल्बर्जियाच्या जवळपास सगळ्या जाती साइट्स (संकटात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत; अपवाद ब्राझिलियन रोझवुडचा (डाल्बर्जिया नायग्रा), तो आधीपासून पहिल्या परिशिष्टात आहे. 26 नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यं आणि त्यांचे भाग यांना सूट मिळाली. तयार वस्तूंनाही एका पार्सलमध्ये 10 किलोपर्यंत लाकूड असेल तर सूट आहे. कच्च्या ठोकळ्यांना मात्र ती नाही. परदेशातून ठोकळे मागवणार असाल तर विकणाऱ्याकडून साइट्सचा निर्यात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र दोन्ही आधी मागा, माल निघाल्यावर नव्हे. टांझानियाच्या किल्वा जिल्ह्यात गावांनी स्वतः राखलेल्या जंगलांतून एफएससी प्रमाणित (जबाबदारीने राखलेल्या जंगलाचं प्रमाणपत्र असलेला) म्पिंगो निघतो. पर्याय असेल तर तो निवडा.

आखूड तुकडे फेकू नका. 15 मिलिमीटरच्या तुकड्यातून ड्रॉवरच्या गुंड्या, पटाशीच्या मुठीच्या टोप्या, छोट्या सोंगट्या निघतात. सतार-तंबोऱ्याच्या घोडीला हाड, शिंग किंवा आबनूस वापरतात, त्याच कामाला घट्ट रेषेचा ब्लॅकवुडचा तुकडाही चालतो. फक्त जवारी काढताना (घोडीच्या माथ्याला तारांखाली उतार देताना) कानस अगदी बारीक घ्या, कारण एकदा खाली गेलेला उतार परत वर आणता येत नाही. बारीक भुसा वेगळ्या बाटलीत भरून ठेवा. पुढच्या ठोकळ्यातली चीर इपॉक्सीने भरताना त्याच रंगाची पूड दुसरीकडे मिळत नाही.